मला कुठल्या रकान्यात मोजलं

निकालाची पीडीएफ मोबाइलवर उघडेना, म्हणून धाकटा भाऊ कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेऊन आला. 2018 चा पावसाळा. मी सोलापुरात माहेरी होते, सातवा महिना चालू होता, आणि आजी माझ्या पायांना तेल चोळत बसली होती. निकाल वाचायची आम्हा परीक्षा देणाऱ्यांची एक सवय असते. आधी नाव शोधायचं नाही, शेवटच्या पानावरचा कट-ऑफ बघायचा. अराखीव, म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या महिला, 118. माझे गुण 122. भाऊ ओरडलाच, "लागली!" आजीने तेलाचे हात पदराला पुसले आणि माझ्या चेहऱ्यावरून फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

मग नाव शोधलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दोनदा. नव्हतं.

भरती कुणाची होती ते लिहीत नाही. चौकशीच्या नंबरवर तीन दिवसांनी फोन लागला. पलीकडचा माणूस सभ्य होता. त्याने माझा क्रमांक घातला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही अर्जात वि.जा. (अ), विमुक्त जाती, लिहिलंय. खुल्या महिलांच्या जागा खुल्या प्रवर्गातून अर्ज केलेल्या महिलांना. तुमची जागा तुमच्या प्रवर्गात."

"माझ्या प्रवर्गात महिलांची जागाच नाही, शून्य आहे."

"मग नाही."

हे शून्य कसं येतं ते आधी सांगते, कारण आमच्या घरात पदवी घेतलेल्या माणसांनाही ते मी समजावेपर्यंत ठाऊक नव्हतं. महाराष्ट्राच्या 2001 च्या आरक्षण कायद्यात, जो 2004 पासून लागू झाला, एकूण 52 टक्के जागा राखीव आहेत. त्यात अनुसूचित जाती 13, अनुसूचित जमाती 7, इतर मागासवर्ग 19, आणि आम्ही, म्हणजे विमुक्त जाती (अ), 3. आमच्या यादीत चौदा जाती आहेत. बेरड, कैकाडी, कंजारभाट, वडार, रामोशी, बंजारा, पारधी, छप्परबंद, अशा. मी कैकाडी. हे झालं उभं आरक्षण. त्यावर आडवं आरक्षण येतं, ज्याला सरकारी भाषेत समांतर म्हणतात, आणि त्यात महिलांसाठी 30 टक्के जागा प्रत्येक प्रवर्गाच्या आतून काढायच्या. तीस पदांची जाहिरात असेल तर वि.जा. (अ) ला एक पद येतं. त्या एकाचे तीस टक्के 0.3. अर्ध्याच्या खालचा अपूर्णांक सोडून द्यायचा, म्हणजे शून्य. दोन पदं असती तर 0.6 झाले असते आणि एक बाई बसली असती. माझ्या जाहिरातीत आमचं पद एकच होतं. ते 125 गुणांच्या एका मुलाला मिळालं. त्याचा हक्कच होता, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

माझं म्हणणं एवढंच होतं की 122 गुण मिळवलेली मी बाई नव्हते का? कैकाडी म्हणून मोजलं तर बाईला जागा नाही, आणि बाई म्हणून मोजायला जावं तर म्हणे तू कैकाडी.

क्लासमधल्या एका मैत्रिणीने सरळ सल्ला दिला. "पुढच्या वेळी जातीचा रकानाच भरू नकोस. खुल्यातून भर. नॉन-क्रीमी लेअरचा उत्पन्नाचा दाखला आहेच तुझ्याकडे, खुल्या महिलेत बसशील." तसं करणाऱ्या मुली मला माहीत होत्या, आणि त्यांना मी आजही दोष देणार नाही. मीही चार दिवस तोच विचार केला. पाचव्या दिवशी अप्पांना सांगितलं. अप्पा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन झाले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दाखल्यासाठी किती फिरलो आपण."

ते फिरणं दोन वर्षांपूर्वीचं. जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पण नोकरीला तेवढ्याने भागत नाही. त्यावर जात पडताळणी समितीचं वैधता प्रमाणपत्र लागतं. आपण सगळे त्याला व्हॅलिडिटी म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये माधुरी पाटील प्रकरणात खोट्या दाखल्यांना आळा घालण्यासाठी ही पडताळणी घालून दिली आणि राज्याने पुढे त्याचा कायदा केला. खोटे दाखले घेणाऱ्यांनी आमच्याच जागा खाल्ल्या आहेत, तेव्हा पडताळणी हवी, हे मी मनापासून मानते. पण तिचा सगळा भार खऱ्या माणसाच्या डोक्यावर येतो. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा लागतो, इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा, आणि आम्हाला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा. त्या तारखेआधी तुमचा बाप, आजोबा, चुलत आजोबा कुठल्या तरी सरकारी कागदावर जातीसकट लिहिलेला असला पाहिजे. गाढवांच्या पाठीवर संसार टाकून गावोगाव टोपल्या विणत फिरणाऱ्या माणसांकडे असा कागद कुठून यायचा?

आणि पुरावा बापाकडचाच हवा. आईच्या माहेरी चांगला कागद होता, तिच्या चुलत्यांची जमीन होती, नोंदी होत्या. तो चालत नाही. नवऱ्याकडचाही चालत नाही. बाईची जात बापाच्या ओळीने धरतात. नॉन-क्रीमी लेअरचंही तसंच, उत्पन्न आईवडिलांचं बघायचं असतं. तरी एका कार्यालयात मला नवऱ्याच्या पगाराची स्लिप आणायला पाठवलं, मी आणली, आणि मग ती लागतच नाही असं सांगितलं. त्यात दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची नोंद प्रत्येक अर्जाला जोडायची. माझ्याबरोबर अर्ज करणाऱ्या भावाच्या फायलीपेक्षा माझी फाइल दुप्पट जाड होती.

आमचं नशीब की आमची माणसं सोलापूरच्या सेटलमेंटमधली. नशीब हा शब्द लिहिताना हात अडखळतो. 1871 पासूनच्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली आमच्यासारख्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. आजी त्या तारेत जन्मली. ती सांगते, हजेरीला नाव पुकारलं की "हाय" म्हणायचं, बाई असो बाप्या असो. आईचा हात धरून ती उभी राहायची, झोप आलेली असायची. देशभरातला तो कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. आम्ही विमुक्त ते त्या दिवसापासून. आजोबा त्याच वस्तीतल्या शाळेत तिसरीपर्यंत शिकले होते, एवढंच अप्पांना ऐकून माहीत होतं.

त्या जुन्या शाळेचं दप्तर आता दुसऱ्या शाळेकडे होतं. अप्पा आणि मी पाच वेळा गेलो. सहाव्यांदा मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः कपाट उघडलं. जनरल रजिस्टरचे कापडी पुठ्ठे हाताला लागले की भुगा पडत होता. बाई पानं बोटाने उलटत नव्हत्या, पोस्टकार्ड आत सरकवून अलगद उचलत होत्या. जून 1946 च्या पानावर, निळ्या काळ्या शाईत, आजोबांचं नाव. जातीच्या रकान्यात "कैकाडी". राहण्याच्या रकान्यात "सेटलमेंट". अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांनी आपल्या बापाचं नाव कुणी लिहिलेलं त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

आजोबांना ज्या कारणाने कुंपणात ठेवलं, तेच त्या ओळीत लिहिलं होतं, आणि त्याच ओळीने मला दाखला दिला. त्या दिवशी बसमध्ये अप्पा पूर्ण वाटभर तो उतारा मांडीवर ठेवून बसले होते, घडी पडू नये म्हणून.

पण अडचण निघालीच. मोठ्या चुलत्यांच्या शाळेच्या नोंदीत "हिंदू बुरूड" लिहिलेलं निघालं. ते दुसऱ्या गावात शिकले. घरी टोपल्या विणतात म्हटल्यावर मास्तरांनी बुरूड लिहून टाकलं असणार. बुरूड अनुसूचित जातीत येतात. एकाच घरात दोन जाती दिसल्या म्हणून फाइल समितीच्या दक्षता पथकाकडे गेली.

(यातही एक गुंता आहे. विदर्भातल्या अमरावती, अकोला, यवतमाळ, नागपूर अशा जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आहेत आणि इकडे विमुक्त जातीत. अमरावतीला दिलेली माझी आत्या आणि इथले अप्पा, एकाच आईची लेकरं. कागदावर त्यांच्या मुलांचे प्रवर्ग वेगळे.)

दक्षता पथकाचे अधिकारी एका दुपारी घरी आले. सोबत एक हवालदार. खाकी बघून आजी आतल्या खोलीत गेली, ती बाहेर येईना. पंचाहत्तरीच्या बाईला मी पहिल्यांदाच घाबरलेली बघितली. अधिकाऱ्यांना ते कळलं. त्यांनी हवालदाराला बाहेर चहा प्यायला पाठवलं आणि दाराशी जाऊन म्हणाले, "आजी, मी मुलीच्या नोकरीच्या कामाला आलोय."

देवाचं विचारलं, लग्नातल्या चालींचं विचारलं, कुठल्या आडनावात सोयरीक होते ते विचारलं. मग म्हणाले, बुरुडाच्या आणि तुमच्या टोपलीत फरक काय? अप्पा बोलायला लागले तसं आजीने हात केला आणि परसातून तरवडाचे फोक घेऊन आली. सकाळीच भिजवून ठेवलेले होते, तिच्यासाठी ते रोजचंच काम होतं. जमिनीवर बसून तिने चार फोक आडवे ठेवले, चार उभे, पायाचा अंगठा मधोमध दाबला आणि एक बारीक फोक त्याभोवती फिरवायला घेतला. "बुरूड बांबू चिरतो. त्याला सुरी लागते. आम्हाला हात पुरतो. निरगुडी, तरवड, तुराट्या, शेतात जे मिळंल ते." बोलता बोलता वाटीएवढं बूड तयार झालं. तिने ते अंगठ्याखालून काढलं, उलटं करून बोटाने ठोकलं आणि अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. त्यांनी वहीत बराच वेळ लिहिलं. अहवालात काय लिहिलं ते मला समितीपुढच्या सुनावणीत वाचायला मिळालं. "अर्जदाराच्या आजीने पारंपरिक व्यवसायाचे प्रात्यक्षिक दाखविले" असं एक वाक्य होतं. अध्यक्षांनी दोन प्रश्न विचारले, चुलत्यांच्या नोंदीबद्दल शपथपत्र घेतलं आणि पाच आठवड्यांनी वैधता प्रमाणपत्र आलं.

अप्पा म्हणत होते ते फिरणं हे. त्यानंतर जातीचा रकाना कोरा सोडायचं मी पुन्हा मनात आणलं नाही. दोन्ही लिहीन, कैकाडीही आणि बाईही, असं ठरवलं. लेक झाली, तिचं पहिलं वर्ष अभ्यासाविना गेलं.

ऑगस्ट 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय आला की राखीव प्रवर्गातल्या महिलेचे गुण पुरेसे असतील तर तिला खुल्या महिलांच्या जागेवर घेतलं पाहिजे. मग 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश. तिकडच्या पोलीस शिपाई भरतीतली गोष्ट. ओबीसी प्रवर्गातल्या सोनम तोमरला 276 च्या वर गुण होते आणि खुल्या महिलांमध्ये शेवटची निवड 274 च्या घरात झाली होती. तरी तिला घेतलं नव्हतं. आकडे वेगळे, पण ती माझीच गोष्ट होती. मी निकालपत्र पूर्ण वाचलं, इंग्रजी कायद्याची भाषा, शब्दकोश जवळ घेऊन, लेकीला मांडीवर झोपवून. खुला प्रवर्ग हा कुणा एका समाजासाठी राखून ठेवलेला वाटा नाही, तो सगळ्यांना खुला आहे आणि तिथे फक्त गुण बघायचे, हे न्यायमूर्ती भट यांनी त्यात स्पष्ट लिहिलंय. मुख्य निकाल न्यायमूर्ती उदय लळीत यांचा. लळीत जन्माने सोलापूरचे. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "आपल्या गावचे?" आणि नंतर दिवसभर शेजारपाजारी तेच सांगत होते.

त्या निकालाने 2018 ची जागा मला परत मिळाली नाही. मी तेव्हा न्यायाधिकरणात गेले नव्हते, पैसे नव्हते आणि दिवस भरत आले होते. ज्या बाया गेल्या, लढल्या, वर्षानुवर्षं तारखा घेत राहिल्या, त्यांच्यामुळे माझी पुढची वाट मोकळी झाली. त्यांतल्या एकीलाही मी ओळखत नाही. त्यांचं ऋण माझ्यावर आहे.

पुढच्या भरत्या लांबत गेल्या. कोविड आला, मराठा आरक्षणाची स्थगिती आली, मे 2021 मध्ये तो कायदा रद्द झाला, कार्यालयांची रिक्त पदांची मागणीपत्रं पुन्हा सुधारली गेली. मार्च 2021 मध्ये परीक्षा पुढे ढकलल्यावर पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली तेव्हा मी तिथे नव्हते, पण माझ्या वर्गातले निम्मे होते. प्रत्येक लांबणीचा फटका मुलींना जास्त बसतो. मुलाला घरचे म्हणतात, अजून एक वर्ष बघ. मुलीला म्हणतात, आता पुरे. माझ्या खोलीतल्या चौघींपैकी दोघींची लग्नं त्याच काळात झाली आणि पुस्तकं रद्दीत गेली. माझं आधीच झालं होतं, नवरा म्हणाला दे परीक्षा, सासूने लेक सांभाळली. मी पुढे जाऊ शकले यात माझ्या गुणांइतकाच त्या दोघांचा वाटा आहे.

मी लिपिक-टंकलेखकाची परीक्षा दिली. पूर्व, मुख्य, आणि हातात मराठी टंकलेखनाचं मिनिटाला तीस शब्दांचं प्रमाणपत्र. मुलाखत नसते. अर्ज भरताना वयाची सवलत घेतली नाही, कारण राखीव प्रवर्गाची सवलत घेतली तर खुल्या जागेवर हक्क सांगताना अडचण करतात. खुल्याची मर्यादा 38 आहे, मी त्यात होते, पण मधली वर्षं अजून दोन-तीन लांबली असती तर हे सगळं ज्ञान असून उपयोग नव्हता.

या वेळीही वि.जा. (अ) ला एकच पद. महिला, शून्य. मी ते वाचलं आणि पुढे भरत गेले.

निकालाच्या यादीत माझ्या नावासमोर लिहिलं होतं, प्रवर्ग वि.जा. (अ), शिफारस अराखीव महिला. भावाने ते पान आजीपुढे धरलं. तिला वाचता येत नाही. तिने नावावर बोट ठेवायला सांगितलं आणि स्वतःचं बोट तिथे ठेवून "हाय" म्हणाली.

आता मी एका जिल्हा कार्यालयात आस्थापना शाखेत आहे. माझ्याकडे जी कामं आली त्यात बिंदुनामावलीची नोंदवही आहे. लांब, आडवी, हिरव्या पुठ्ठ्याची. प्रत्येक पदाला एक बिंदू, बिंदूला प्रवर्ग, त्यापुढे कर्मचाऱ्याचं नाव, जात आणि कुठल्या प्रवर्गावर नेमणूक झाली ते. विभागीय आयुक्त कार्यालयाचा मागासवर्ग कक्ष ती तपासतो, मगच भरतीचं मागणीपत्र जातं. माझ्याआधीच्या भाऊसाहेबांनी मला वही सोपवताना माझीच ओळ दाखवली. जातीच्या रकान्यात कैकाडी. नेमणुकीच्या रकान्यात अराखीव, महिला. एकाच ओळीत दोन्ही. ती शाई त्यांची, अक्षर वळणदार. मी त्या ओळीचा फोटो काढून अप्पांना पाठवला.

त्याच वहीत दोन ओळी खाली वि.जा. (अ) चा एक बिंदू तीन वर्षं रिकामा होता. सेवानिवृत्ती, मग कुणी बदलीवर आलं नाही, मग मागणीपत्रात ते पदच धरलं गेलं नाही. असं मुद्दाम कुणी करत नाही. वही नीट भरायला वेळ नसतो, जागा मागे पडते, आणि मागे पडलेली जागा बहुतेक वेळा लहान प्रवर्गाचीच असते, कारण तिथे विचारायला येणारं कुणी नसतं. यंदा त्याच प्रवर्गातले आणखी एक लिपिक निवृत्त झाले. त्यांचा बिंदूही मोकळा झाला.

मी मागणीपत्राचा तक्ता करायला घेतला तेव्हा साहेबांनी विचारलं, "अनुशेष धरलास का?" धरला होता. वि.जा. (अ), पदे 2. पुढच्या रकान्यात कॅल्क्युलेटरची गरज नव्हती, तरी मी दाबून बघितलं. 0.6. पैकी महिला, 1.

तक्ता तीन प्रतींत काढला, सह्या झाल्या, जावक क्रमांक टाकला आणि गुरुवारी टपालात दिला.